साखरी बाकावरून उठली नाही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय मारुतराव आबा, व्यासपीठावरील प्रमुख पाहुण्या धनश्रीताई, आपल्या संस्थेच्या सचिव हर्षदाताई, दौंडहून आणि शिरूरमधून आलेले माझे सहकारी, रांजणगावच्या कारखान्यातली शिफ्ट बदलून आलेली मित्रमंडळी, कवठे येमाईहून आलेले माझे वडील, आणि समोर बसलेल्या बंधू-भगिनींनो, सर्वांना सविनय जयभीम आणि नमस्कार.

आबा आत्ता फार गोड बोलले. "आमच्या दीक्षानं दौंड स्टेशनवर नऊ वर्षं काढली, तीनशेच्या वर हरवलेली पोरं घरी पोचवली," असं ते म्हणाले. हर्षदाताईंनी आपल्या फलाटावरच्या मुलांवर निघालेल्या सिनेमाचा उल्लेख केला. टाळ्याही झाल्या. पण मी नोकरी का सोडतेय, हे कुणी विचारलं नाही. राजीनाम्यात 'घरगुती कारण' लिहिलंय. ते खोटं आहे, आबा. खरं सांगायला आपली परवानगी आहे, असं धरून चालते.

सिनेमा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. फलाटावर राहणाऱ्या दोन बहिणी. थोरली धाकटीला बाकावर बसवते, "वडापाव आणते" म्हणते आणि गाडीत चढून निघून जाते. एकटं लेकरू पाहून शाळेतल्या एका बाईंना दया येते, त्या तिला घरी नेतात. माणसं रडत बाहेर पडतात, आणि त्यांना बरंही वाटतं.

थोरलीचं काम मायानं केलं, धाकटीचं तिच्या सख्ख्या बहिणीनं, साखरीनं. माया बारा वर्षांची, साखरी सहाची. आई नाही, बाप दुसरं घर करून निघून गेलेला. दोघी खरोखरच आमच्या स्टेशनवर राहायच्या. संस्थेतर्फे संमतीच्या कागदावर सही माझी. तो ताटातुटीचा प्रसंग आठ वेळा घेतला. दर वेळी साखरी खरंच रडायची, आणि 'कट' म्हटलं की माया धावत येऊन तिला कडेवर घ्यायची.

बावीस दिवस पोरी लॉजवर गादीवर झोपल्या. मग सिनेमावाले गेले आणि त्या परत स्टेशनच्या जिन्याखाली राहायला आल्या. बालगृहात का नाही घातलं, असं मनात आलं असेल ना? वयामुळे दोघींची सोय दोन गावांत होत होती. दोनदा नेलं. दोनदा माया तिकडून पळाली, साखरीला गाठलं आणि तिला घेऊन परत आली.

एक दिवस मला म्हणाली, "मॅडम, आमी तुमच्या घरी ऱ्हाऊ का? भांडी घाशीन मी."

मी हसले. म्हटलं, "अगं, दोघी-दोघींना कुठं ठेवू? दोनच खोल्या माझ्या."

"म्हंजी दोघींना न्हाई व्हायचं?"

"नाही गं."

ती जिन्याकडे निघून गेली. मीही रजिस्टर उघडून कामाला लागले. त्या पोरीनं माझ्या बोलण्यातून काय उचललं, ते नऊ वर्षं हेच काम करणाऱ्या बाईला कळायला नको होतं का?

सिनेमाला बक्षीस मिळालं तेव्हा गेल्या वर्षी याच सभागृहात माझा सत्कार झाला. फोन बंद होता. कार्यक्रम संपल्यावर पाहते, तर स्टेशनवरच्या कँटीनच्या सतीशदादांचे सतरा कॉल.

"मॅडम, ल्हानी सकाळधरनं एकटीच बसलीय. माया कुठं दिसंना. बिस्कीट दिलं तर घेईना, ऊठ म्हटलं तर उठंना."

दौंडला पोचेस्तोवर दिवस कलला होता. साखरी बाकावर होती. सिनेमात बसली होती त्याच बाकावर. तेल लावून दोन वेण्या घातलेल्या. फ्रॉक स्वच्छ धुतलेला, पण बसल्या जागी ओला झालेला.

"माया कुठंय गं?"

"गाडीनं गेली. म्हनली, तू एकटी आसलीस की मॅडम घरी नेतील. उठू नको म्हनली."

मंडळी, मी तिला घरी नेलं का? नाही नेलं. मी फॉर्म भरला. साखरी दुसऱ्या जिल्ह्यातल्या बालगृहात गेली. नियमाप्रमाणे सगळं बरोबर झालं. मला घरी अडवणारं कुणी नव्हतं. मी घाबरले, एवढंच. मायाचे फोटो मनमाडपासून सोलापूरपर्यंत लावले. आज चौदा महिने झाले, पोरीचा पत्ता नाही.

सुरुवातीला भेटायला गेले की साखरी कपड्यांची पिशवी घेऊनच बाहेर यायची. "आज न्यायचं ना मॅडम?" मी म्हणायचे, पुढच्या खेपेला. शेवटी यंदा धीर केला, तिला सांभाळायला मिळावं म्हणून अर्ज दिला, आणि गेल्या महिन्यात तिला सांगायला गेले. म्हटलं, "साखरे, आता खरंच येतेस का माझ्या घरी?"

ती मागं सरली. म्हणाली, "नको. तुमी मला नेलं की मग माया कवाच यायची न्हाई."

तिथून परत आले आणि राजीनामा लिहिला.

आपण सर्वांनी मला जीव लावला, सांभाळून घेतलं, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. समारंभाला न शोभणारं काही बोलले असेन, तर ते पोटात घाला. बोलण्यातल्या चुका तुम्ही माफ कराल, पण बाकीची माफी तुमच्या हातात नाही. उद्या सकाळच्या गाडीनं मी मायाला शोधायला निघतेय. ती सापडेल, असं मला वाटत नाही.

जयभीम.