जंताच्या गोळ्या

दवाखान्याच्या औषधखिडकीवर इस्त्रीवालीला दोन पुड्या मिळाल्या, एक तिची आणि एक नवऱ्याची. दाराशी ती चपला शोधत होती, तेवढ्यात बाकावरच्या दोघी जावांचं बोलणं कानावर पडलं.

"पुन्हा तेच?"

"तेच, जाऊबाई. तीच खाज, तोच वास. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नवऱ्याने गोळ्या घेतलेल्या दिसत नाहीत."

"मग त्याची पुडी गेली कुठे?"

"मीच खाल्ली. म्हटलं, वाया कशाला घालवायची?"

"धन्य आहे बाई तुझी! गोळ्या तुझ्या पोटात, आणि गुण त्याला कसा येणार?"

"त्याच्या हातात कशी देऊ? 'हे दुखणं कुठून आणलंस' म्हणत मलाच घराबाहेर काढेल."

"आणलंय कोणी, ते त्याला ठाऊक नाही होय?"

"ठाऊक असून विचारेल."

इस्त्रीवालीला चपला सापडल्या होत्या, तरी ती तिथेच घुटमळली.

"तुझ्या भावजींना मी खरं सांगितलंच नाही. म्हटलं, जंताच्या गोळ्या आहेत, घरातल्या सगळ्यांनी घ्यायच्या."

"अगंबाई! घेतल्या त्यांनी?"

"तोंडापर्यंत नेल्या होत्या. तेवढ्यात माझीच जीभ वळवळली. म्हटलं, यावर दारूला शिवायचं नाही."

"मग?"

"पुडी परत माझ्या हातात ठेवली. म्हणाले, राहू देत जंत."

"राहू देत जंत! आई गं, हसून हसून पोट दुखलं माझं."

"हस, हस. मी काय नुसती तुझ्या सोबतीला आलेय? आता आत जायचा नंबर माझाच आहे."