पगाराचा दाखला

कारकून : खुर्ची भिंतीला कशाला टेकवता ताई? इकडे बसा ना, टेबलाशी.

ती : पाठीमागे दार असलं की मला बसवत नाही.

कारकून : बरं, बरं. बातमी चांगली आहे. तुमची भरपाई वाढणार! पूर्वी अत्याचाराच्या केसमध्ये सगळ्यांना एकच ठरलेली रक्कम देऊन वाटेला लावायचे. आता नियम सुधारलाय. बुडालेला पगारही मिळणार.

वहिनी : देव पावला म्हणायचा. आठ महिने मशीनला शिवली नाही ही. अख्ख्या कारखान्यात हिच्यासारखी कॉलर कुणाला बसवता यायची नाही.

कारकून : आणि तुम्हाला हेलपाटे नकोत, म्हणून पगाराचा दाखला मीच मागवला. पत्र टाकून.

ती : कुणाकडून?

कारकून : मालकांकडून. एरवी मालक लोक महिनोन्महिने ताटकळत ठेवतात. यांचं उत्तर चौथ्या दिवशी हजर! स्वतःच्या हातानं लिहिलेलं.

वहिनी : अहो, काय करून बसलात हे!

कारकून : का? काय झालं?

ती : तक्रार त्याच्यावरच आहे. जामिनावर सुटलाय तो. अर्जाच्या पहिल्याच पानावर लिहिलंय.

कारकून : पहिलं पान... ते पलीकडच्या टेबलाला असतं. गोपनीय ना. माझ्याकडे फक्त पगाराचं पान येतं.

वहिनी : गोपनीय म्हणे! तुमच्यापासून लपवलं आणि त्याला पत्र धाडलं.

ती : काय लिहिलंय त्यानं?

कारकून : राहू द्या ताई.

ती : वाचा.

कारकून : पगार बरोबर लिहिलाय. खाली शेरा आहे... ‘कामात हुशार. परत आली तर ठेवून घेऊ.’

वहिनी : मेल्याला लाज कशी ती नाही!

ती : साहेब, तुमच्या पत्रावर माझा पत्ता होता?

कारकून : छापील नमुनाच आहे तो. अर्जदाराचं नाव, पत्ता...

ती : जुना की नवा?

कारकून : नवा. मी स्वतः तपासून घातला.

वहिनी : दोन घरं बदलली हो आम्ही. दाराला साधी पाटी लावली नाही.

कारकून : चुकलंच माझं. वर कळवतो. पद्धत सुधारायला सांगतो.

ती : सुधारलंत तेवढं पुरे.

वहिनी : ऊठ गं. ह्यांना फोन करते, आजच्या आज टेम्पो बघायला हवा.

कारकून : ताई, थांबा... रक्कम मंजूर झाली की पत्र कुठं पाठवू? नवा पत्ता लागेल.

ती : त्याला विचारा. तुमच्या पत्राला तो लगेच उत्तर देतो.