देशपांडेंचं खिशातलं पिस्तूल

जुनं, छोटेखानी पिस्तूल रोज खिशात बाळगायला अजून योग्य आहे का, हे आमच्या देशपांडेंना विचारा. नव्वदच्या दशकात मी टोकियोत बातमीदार होतो आणि हे तिथे बँकेत साहेब. जिथे खिशात चाकू सापडला तरी पोलीस चौकीत बसवतात, तिथे हा ब्रह्मचारी वीर कोटात तसल्या पिस्तुलाची हुबेहूब प्लास्टिकची नक्कल घेऊन हिंडायचा!

"जुनं मॉडेलच बरं हो. खिशात आहे, हे कळतसुद्धा नाही."

खरंच कळलं नाही. एके दिवशी कोट ट्रेनमध्ये राहिला.

"पोलिसांना खरं वाटलं तर? पोस्टिंग गेलं माझं!" देशपांडे रडकुंडीला आले.

मी म्हटलं, "घाबरता काय? जपानमध्ये हरवलेली वस्तू परत मिळते."

"अहो, तीच तर भीती आहे!"

मी त्यांना ओढतच स्टेशनवर नेलं. नाव सांगताच तिथल्या कर्मचाऱ्याने घडी घातलेला कोट आणला. त्यावर ठेवलेलं पिस्तूल दोन्ही हातांनी पुढे करत तो कमरेत वाकला.

"देशपांडे-सान, तुमच्या मुलाचं खेळणं. रडत असेल ना बिचारा?"

देशपांडेही वाकले. "हो, फार रडत होता."

ते मात्र खरं होतं. मी साक्षीला होतो.