डोंग्याचा दोर

मी, गुणाबाई सॅम्युअल रामटेके, वय ६३ वर्षे, धर्म ख्रिस्ती, धंदा सेवानिवृत्त परिचारिका, रा. चंद्रपूर. कोणी बोलावले नसताना आज दि. २१/०५/२०२५ रोजी सकाळी ११.२० वाजता आपणहून ठाण्यात हजर होऊन सांगते ते येणेप्रमाणे.

मी वरील ठिकाणी मुलगा आदेश, सून दिव्यानी व नात रोशनी, वय ९, यांच्यासह राहते. माझे पती सॅम्युअल २०१९ साली वारले. मुलगी रिना हिने तीन वर्षांपूर्वी आपल्या पसंतीने अंकुश खोब्रागडे याच्याशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. अंकुश बौद्ध असून याच तालुक्यात राहतो. मुलीचा नवरा म्हणून मी त्याला ओळखते. यापेक्षा जास्त ओळख मी ठेवली नव्हती. हे वाक्य लिहायची गरज आहे का, असे हवालदार मुखरू गेडाम यांनी विचारले. आहे. लिहा.

अंकुशची वनरक्षक म्हणून निवड झाली आहे. त्याच्या चारित्र्य पडताळणीचा कागद याच ठाण्यात पडून आहे. दि. १८/०५/२०२५ रोजी मोहतेरा तलावात डोंगा वाहून गेला, त्याबाबत ठाण्यात नोंद झाली. त्यात अंकुशने डोंगा नीट न बांधल्याने सहा माणसांचा जीव धोक्यात आला, असे लिहिले आहे. ही नोंद राहिली तर अंकुशचा कागद अडकेल, असे रिनाने काल मला रडत सांगितले. ती नोंद खोटी आहे, म्हणून मी आले.

आमच्या घरचा रिवाज असा की दर मे महिन्यात चार दिवस तंबू घेऊन बाहेर राहायचे. पूर्वी आमची पूर्ण मंडळी, म्हणजे चर्चचे सगळे लोक, यायचे. आता लोकांना एसी पाहिजे, म्हणून घरचेच जातो. चंद्रपूरचे ऊन सोडून दुसऱ्या उन्हात जायचे, असे दिव्यानी म्हणते. तिचेही बरोबर आहे. यंदा दि. १५ रोजी निघून पहिला मुक्काम पहाडीवर केला. तिथे वांदरांनी ब्रेडचे दोन पुडे व माझा चष्मा नेला. चष्मा परत टाकला, ब्रेड टाकला नाही. दुसरा मुक्काम तलावाच्या पाळीवर व तिसरा, दि. १७ रोजी, तलावातल्या बेटावर केला. अंकुश यंदा पहिल्यांदाच सोबत होता. रिनाने मला विचारले नव्हते, नुसते कळवले होते.

बेटावर आम्हाला पोचू मडावी या मासेमाराने दोन डोंग्यांतून नेले. दुसऱ्या दिवशी त्याच्या भाच्याचे लगीन होते. अंकुश तलावाकाठच्या गावचा, त्याला वल्हवता येते, म्हणून पोचूभाऊने एक डोंगा आमच्याजवळ ठेवला व दुसरा घेऊन गेला. जाताना म्हणाला, "माया बापानं कोरला हाय हा डोंगा. जपजा." त्या डोंग्याला पळसाच्या मुळीचा जुना दोर होता, बोटाने चुरा होईल असा. तो पाहून अंकुशने आमच्या सामानातला निळा नायलॉनचा दोर काढला आणि डोंगा जांभळीच्या बुंध्याला पक्का बांधला. गाठ मी स्वतः पाहिली आहे. बत्तीस वर्षे बँडेज बांधले, गाठ मला कळते.

निळा दोर माझ्या पतीचा आहे. दर वर्षी तंबू त्यानेच बांधला जातो. ते गेल्यावर दुसऱ्या कोणी त्याला हात लावला की मला बरे वाटत नाही. यापुढे त्या दोराबद्दल मला विचारू नये.

दि. १८ रोजी रविवार असल्याने सकाळी ८ वाजता बेटावर उपासना केली. शेवटची प्रार्थना नेहमी मी करते. आमच्या घरी नियम आहे की आमेन होईपर्यंत कोणी डोळे उघडायचे नाहीत. हा नियम मीच घातला असून लहानपणी आदेशला त्यासाठी दोनदा कानाखाली दिली आहे. माझी प्रार्थना लांब असते अशी तक्रार आहे. ती फार तर वीस मिनिटे असते. नातेवाईक इतके आहेत, त्याला मी काय करू? कोणाला वगळू?

अंकुश प्रार्थनेला उभा राहतो, हात जोडतो, पण डोळे मिटत नाही. पहाडीवर मी त्याला टोकले. तो म्हणाला, "आई, मी तुमच्या देवाले मानत नाई, त मंग मानल्यासारखा काऊन करू? पण तुमची इज्जत करतो. थे उघड्या डोळ्यानंच करतो." मी म्हणाले, "वा रे बालिस्टर!" आणि दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. तसे तीन वर्षे कुठे बोलत होते?

प्रार्थना सुरू असताना मी डोळे उघडले. होय, मीच उघडले. लिहा भाऊ, असे तोंडाकडे काय पाहता? मला तो निळा दोर पाण्याच्या काठी, म्हशींनी तुडवल्यासारख्या चिखलात लोळताना दिसला. माझ्याने राहवले नाही. तोंडाने प्रार्थना चालू ठेवून मी काठाशी गेले, निळा दोर सोडला, पदराला पुसला आणि डोंगा त्या मुळीच्या जुन्या दोराने बांधून परत जागेवर आले. उठले तेव्हा बल्लारपूरच्या चुलत नणंदेचा गुडघा चालू होता. परत आले तेव्हा तिच्या सुनेचे बाळंतपण आले होते. पुढे भद्रावती, वरोरा व नागपूर झाल्यावर आमेन केले. सगळ्यांनी डोळे उघडले तेव्हा डोंगा तलावाच्या मध्ये होता. जुना दोर तुटून बुंध्याला वीतभर लोंबत होता.

तेव्हा चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तसे मी केले. सगळ्यांच्या आधी मीच ओरडले, "बाप्पा रे! डोंगा कोनं बांधला होता?" अंकुशने माझ्याकडे पाहिले. माझ्या काखेत निळ्या दोराची वळकटी होती. त्याने तिच्याकडेही पाहिले. मग म्हणाला, "मीच बांधला होता, आई. चुकी माईच हाय." आणि शर्ट काढून पाण्यात उतरला. डोंग्याच्या अर्ध्या वाटेवर शिंगाड्याच्या वेलीत त्याचे पाय गुंतले, तेव्हा रिना किंचाळली. तो कसाबसा परत आला. पायाला ओरखडे होते, ते मी डेटॉलने पुसले. तेव्हाही बोलता आले असते.

त्यानंतर पाच तास आम्ही बेटावर अडकलो. पाण्याची एकच कॅन होती. मोबाइलला रेंज नसल्याने आदेशने जांभळीवर चढून ११२ ला फोन लावला. अंकुशने तंबूचे कापड झाडाला बांधून सावली केली आणि तलावाचे पाणी उकळून गाळून ठेवले. रोशनीला उन्हाने मळमळू लागले तेव्हा तिला मांडीवर घेऊन तो ओल्या गमछ्याने वारा घालत बसला. मी सगळ्यांना रागावत होते, की असे कसे बांधले, लक्ष कुठे असते आजकालच्या पोरांचे. एवढ्यात रोशनीने विचारले, "आजी, प्रार्थनेत तुया आवाज पाण्याकडे काऊन गेला होता?" मी म्हणाले, "वारा होता माय." अंकुशने मान खाली घातली. तो हसत होता असे मला वाटते.

दुपारी २ वाजता पोलीस व मासेमार आले. डोंगा तलावाच्या गेटाजवळ दगडावर आपटून फुटलेला सापडला. पोचूभाऊ लगनातून, अंगाला हळद लागलेली, तसाच धावत आला होता. तो डोंग्याजवळ बसून रडला. साहेबांनी विचारले, कोणी बांधला होता? अंकुशने पुन्हा आपलेच नाव सांगितले. मी बाजूलाच उभी होते. मी साहेबांना चहा विचारला, पण खरे सांगितले नाही. करून सवरून नामानिराळी राहिले.

काल रिनाने त्या कागदाची गोष्ट सांगितल्यावर मी अंकुशला फोन केला. आयुष्यात पहिल्यांदा केला. विचारले, "तू पाह्यलं होतं ना?" तो म्हणाला, "हाव, पाह्यलं." "मंग सांगितलं काऊन नाई? तुयी नोकरी जाऊन राह्यली ना बे!" तो म्हणाला, "आई, तुमी थो दोर पदराले पुसत होत्या, मनून मी तिकडून तोंड फिरवलं. मंग मी का सांगू?" मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. रात्रीची प्रार्थना झाली नाही. घरात प्रथमच झाली नाही.

तरी दि. १८ च्या नोंदीतून अंकुशचे नाव कमी करून माझे लिहावे. जी काय कारवाई असेल ती माझ्यावर व्हावी. पोचूभाऊची मी काल पाय धरून माफी मागितली आहे. तळ्याकाठच्या सुताराने डोंगा जुळेल असे सांगितले असून तो जुळेपर्यंत आदेश व मी त्याच्या मागे लागून आहोत. निळा दोर मी सोबत आणला आहे. तो जप्त करू नये. तो आज अंकुशला देणार आहे. पुढल्या मे महिन्यात डोंगा तोच बांधेल, आणि प्रार्थनेत त्याने डोळे उघडेच ठेवावेत. घरात एकाने तरी पाहत असलेले बरे.

वरील मजकूर हवालदार गेडाम यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला व मी तो डोळे उघडे ठेवून ऐकला. तो माझ्या सांगण्याबरहुकूम खरा आहे. फक्त वर एका ठिकाणी 'मुलीचा नवरा' असे लिहिले आहे, तिथे 'माझा जावई' लिहा, असे मी म्हणाले. खाडाखोड चालत नाही असे कळले, म्हणून इथे खाली लिहून घेतले आहे. आता सही करते.

(सही) गुणाबाई सॅम्युअल रामटेके
अंकुश खोब्रागडे याची सासू