आटगावच्या शर्यतीत मी पहिला आलो

हसू नका, पण विशीत असताना शर्यतीचं नुसतं नाव काढलं की माझे हात शिवशिवायचे. तेव्हा दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती. शेणव्याहून बैलगाडीत गवताच्या पेंढ्या भरून मी आटगाव स्टेशनावरच्या व्यापाऱ्याकडे न्यायचो. एकदा मागून आमच्या गावचे धर्माकाका अर्धीच गाडी भरून येत होते. तिथूनच ओरडले, "काय रे, म्हातारे झाले काय तुजे बैल?"

झालं! मी बैलांच्या शेपट्या पिरगाळल्या. खड्डा बघितला नाही, उतार बघितला नाही. गाडीत उभा राहून नुसत्या आरोळ्या ठोकत होतो.

स्टेशनावर पोचून उडी मारली आणि मागे बघतो तर माझी गाडी निम्मी रिकामी. जरा वेळानं काका आले, सावकाश. त्यांची गाडी शिगोशीग भरलेली!

"काका, या माज्या पेंढ्या!"

"तू टाकत गेलास, मी उचलत आलो."

"आता घरी बा सोलून काढील मला!"

"त्याला सांग, पयला आलो." काकांनी शांतपणे बैल सोडले. "उद्या परत लावायची काय शर्यत?"

आणि मी काय म्हणालो असेन?

"लावू की!"