तीन वानरं आणि एक नकार

थांबवा, थांबवा जरा टाळ! मंडळी, आज मारुतीरायाच्या दारात बसलोय, तर आधी एक प्रश्न विचारतो. देवाचं वानर मेलेलं दिसलं, त्याला एका माणसानं हात जोडले, खड्डा खणला, वर फूल वाहिलं. सांगा, पुण्य की पाप?

"पुण्य!" अहो, किती पटकन बोललात! मलाही तसंच वाटलं होतं. आता ऐका.

करमळवाडी. चहूबाजूंनी जंगल, मध्ये काजूच्या बागा. तिथला पुरसो गवस — देवभोळा माणूस! मारुतीला तेल घातल्याशिवाय चहा घेत नसे. फाल्गुन महिना, काजू ऐन भरात. झाडाखाली पातेरा — वाळक्या पानांचा हा एवढा थर — आणि त्यात टपटप पडलेली बोंडं. वेचायला आठ बायका. त्यांत पुरसोची विधवा वहिनी, शेवंती. दीर एकटा पडतो म्हणून पहाटे सगळ्यांच्या आधी बागेत हजर!

एका सोमवारी पुरसोला काय दिसलं? फणसाखाली वानर. मेलेलं! अंगावर जखम नाही, काही नाही. त्यानं हात जोडले. भक्ती दाटून आली — हो, आली, खोटं कशाला बोलू? पण भक्तीच्या मागोमाग आणखी एक विचार आला. 'हे कळलं, तर बायका बागेत पाय ठेवणार नाहीत.' कारण माकडतापाचं नाव त्यानं ऐकलं होतं! वानर मरतं, तेव्हा त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि पातेऱ्यात दुसऱ्या रक्ताची वाट बघत बसतात. तिळाएवढ्या! चावली तरी कळत नाही, आणि तोच ताप माणसाला!

(बापूराव, पाय नंतर खाजवा हो, पखवाज चुकतोय! ... बघा, नुसतं नाव काढलं तर सगळी सभा खाजवायला लागली!)

पुरसोनं वानर पुरलं, वर फूल वाहिलं. गप्प राहिला. गुरुवारी दुसरं. पुरलं. शनिवारी आरोग्य केंद्राची निर्मला आली, गोचिडी लागू नयेत म्हणून हातापायांना लावायच्या तेलाच्या बाटल्या घेऊन. विचारलं, "काका, बागेत मेललो माकड दिसलो काय खंय?"

"नाय गो."

दोन शब्द, मंडळी! जिभेला कितीसं वजन? पण त्या दोन शब्दांवर निर्मला बाटल्या घेऊन पुढच्या वाडीत गेली. आणि तिसरं वानर पडलं, तेही मातीत गेलं.

आता पुरसोला झोप लागेना. बायका पातेऱ्यात बसून विडा लावताना दिसल्या की ओरडायचा, "उठा! उठा थंयसून!" का ते सांगायचा नाही. बायका हसायच्या — "पुरसो पिसाळलो!" रोज मारुतीपुढे उभा राही. म्हणे, "देवा, सांभाळ." अहो, देव सांभाळेल, पण ज्या तोंडाने देवाला हाक मारतोस, त्याच तोंडाने बायकांना सांग की रे!

पहिलं वानर पुरल्यापासून बाराव्या दिवशी शेवंती बागेत आली नाही.

ताप! डोकं फुटतंय, अंग काठीनं बडवल्यासारखं. दोन दिवसांनी हिरड्यांतून रक्त. पुरसोनं तिला उचलून गाडीत घातलं, तालुक्याला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "तुमच्या भागात माकडं मेलीत का?"

पुरसो शेवंतीच्या अंगावरची चादर सारखी करत राहिला. आणि खाटेवरून, धाप लागलेली ती शेवंती काय म्हणाली ठाऊक आहे?

"नाय डॉक्टर. आमच्या बागेत तसला काय नाय. निर्मलाक भावोजींनी सांगितल्यानी. भावोजी खोटा बोलूचे नाय."

मंडळी, शिवी दिली असती तर परवडलं असतं!

पुरसो डॉक्टरांकडे वळला. "तीन मेली, डॉक्टर. मीच पुरलंय."

शेवंतीनं मान वळवली. "किती दिवस म्हायत होता तुमका?"

"चौदा दिवस, वयनी."

"आणि तरी माका थंय जावक दिलात?"

पुरसो तसाच उठला, वाडीत आला. भर दुपारी दारोदार उभा राहून ओरडला, "माझ्या बागेत जाव नका! माकडां मेलीहत, मी लपवलंय!" कुणी थुंकलं, कुणी दार लावलं. सरकारी माणसं आली, त्यांना तिन्ही जागा दाखवल्या. बागेत औषध पडलं. वेचणाऱ्या उरलेल्या सात जणींपैकी आणखी दोघींना ताप निघाला — पण वेळेत कळला, दोघी वाचल्या. पुरसोचे काजू झाडाखाली कुजले.

शेवंती? एकवीस दिवसांनी घरी आली. वाचली, मंडळी! पण पाण्याचा तांब्या उचलला की हात अजून थरथरतो. दिराला जेवायला वाढते. बोलत मात्र नाही. पुरसो म्हणतो, "शिव्या घाल गो वयनी!" ती भात वाढते आणि आत जाते.

आता सांगा, पुण्य की पाप? ... का, आता का गप्प? फूल वाहिलं ते पुण्यच हो! पण त्या फुलाखाली त्यानं काय झाकलं?

आणि तुम्ही! माना खाली घालू नका. या सभेत डोंगराकडच्या बागांचे मालक बसलेत. कुणाच्या बागेत वास येतोय? कुणाच्या घरात चार दिवस ताप आहे आणि शेजाऱ्याला 'सर्दी झाली' म्हणून सांगितलंय? मला नका सांगू, मी बुवा, उद्या दुसऱ्या गावी. शेजारी बसलाय ना, त्याला सांगा.

आरतीचं तबक खाली ठेवा हो, पुजारीबुवा. देवाला घाई नाही. आधी ही माणसं बोलू देत.