सहावीच्या पोरालाही कळेल असं पत्र

अलाबामातल्या काउंटी कचेरीत धान्याच्या मदतीची रांग मघापासून हलली नव्हती. खिडकीशी वर्लीन टगल उभी होती, सूतगिरणीतून निवृत्त झालेली, हातात कचेरीकडून आलेलं पत्र. आत टॅनर नावाचा तरुण कारकून. वर्लीनच्या मागे उभा असलेला ओडेल कान देऊन ऐकत होता.

"बाई, पत्र सोपंच आहे. मशीनने तपासलंय. सहावीच्या पोरालाही कळेल, असा निकाल आलाय."

"मी आठवी शिकलेय. तीनदा वाचलं."

"आता काय सांगू?"

"मशीन बघतं तरी काय?"

"वाक्य किती लांब, शब्द किती मोठे. आधी अकरावीचं निघालं होतं. मग आम्ही वाक्यं तोडली, झालं सहावीचं."

"बरं. वाच मोठ्याने."

"'मदत बंद होईल. दहा तारखेपर्यंत न आल्यास. तो फॉर्म. आधी पाठवला असेल तर नाही.'"

"कुठला फॉर्म, बाळा?"

"तो... मागचा. म्हणजे, थांबा हं."

"थांबलेय. आणि पाठवला असेल तर काय नाही? फॉर्म नको, की मदत नाही?"

"साहेबांना विचारावं लागेल."

"तू किती शिकलास?"

"कॉलेज झालंय."

"मग साहेबांना हेही सांग, की सहावीच्या पत्रात कॉलेजवाला नापास झाला. ही घे पेन्सिल. विचारून ये आणि मला कळेल असं मागच्या बाजूला लिहून दे. तोवर मी इथून हलत नाही."

"बाई, मागे रांग आहे."

ओडेलने वळून पाहिलं. प्रत्येकाच्या हातात तेच पत्र होतं.

"सावकाश लिही," तो म्हणाला. "रांगेला घाई नाही."